आधी काम, मग साधन : ऑनलाइन अध्यापनातल्या आपल्या निवडींची समीक्षा



आयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'विद्यापीठीय अध्यापनासाठी ऑनलाइन साधनांची निवड'. विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन तरुण सहकाऱ्यांचे फोन आले. 'सर, यादी देणार ना?' म्हणजे कोणतं ॲप चांगलं, फुकट काय मिळतं, कॉलेजला काय विकत घ्यायला सांगावं. अशी यादी देता येईल, पण ती सहा महिन्यांत शिळी होते. शिवाय ती तुम्हाला आंतरजालावर माझ्यापेक्षा चांगली मिळेल. म्हणून आज मी यादी देणार नाही. गेल्या चाळीस वर्षांत आपण शिकवण्यासाठी जी साधनं निवडली, ती का निवडली, त्या निवडीची किंमत कोणी मोजली आणि यापुढे निवड कशाच्या आधारावर करावी, एवढंच मला बोलायचं आहे. यात टीका आहे, आणि तिची सुरुवात माझ्यापासूनच करतो.

मी तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो. मराठी माध्यम, बहुतेक मुलं शेतकरी घरातली, निम्म्याहून जास्त मुलांच्या घरात कॉलेजात आलेली हीच पहिली पिढी. २०२० साली कॉलेज बंद झालं आणि वरून निरोप आला, वेळापत्रकाप्रमाणे ऑनलाइन तास घ्या. माझा द्वितीय वर्षाचा तास सकाळी अकराचा. मी अकराला गूगल मीट सुरू करायचो, पीपीटी लावायचो आणि पन्नास मिनिटं बोलायचो. यादीत सत्तर नावं, हजर तीसेक. शेवटी विचारायचो, 'कळलं का?' चॅटमध्ये सात-आठ वेळा 'येस सर' यायचं. मग हजेरीचा स्क्रीनशॉट काढून कार्यालयाला पाठवायचा. आठवड्याला चार तास, चार स्क्रीनशॉट. काम चोख होतं.

दिवाळीनंतर एक विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरायला आला. एकाही तासाला तो दिसला नव्हता. मी जरा घुश्शातच विचारलं. तो म्हणाला, 'सर, घरात फोन एकच आहे. तो सकाळी वडिलांबरोबर शेतात जातो, रात्री नऊनंतर माझ्या हातात येतो. तुम्ही रात्री काही लिहून पाठवलं असतं तर मी वाचलं असतं.'

लिहून पाठवायला मला एक पैसा खर्च आला नसता. त्यासाठी कोणतंही नवं तंत्रज्ञान शिकायची गरज नव्हती. तरी ते सुचलं नाही, कारण मी साधन निवडलं ते माझ्या सोयीने. मीटमध्ये मला माझं जुनं काम जसंच्या तसं करता येत होतं: त्याच वेळी, त्याच पद्धतीने, तेवढाच वेळ बोलणं. मुलाकडे काय आहे हे मी विचारलंच नाही. आणि माहिती नव्हती असंही म्हणता येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीचा अहवाल त्याआधीच प्रसिद्ध झाला होता. २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के घरांत. संगणक ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मी ही आकडेवारी वर्गात शिकवूही शकलो असतो. स्वतःच्या तासाला मात्र ती लावली नाही.

आता कोणी म्हणेल, तो संकटाचा काळ होता. बरोबर आहे. मार्च २०२० मध्येच अमेरिकेतल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी एक लेख लिहून हा फरक मांडला होता की आणीबाणीत दुरून शिकवणं वेगळं आणि नीट आखून केलेलं ऑनलाइन शिक्षण वेगळं. पहिल्यावरून दुसऱ्याचा न्याय करू नका, असं त्यांचं म्हणणं. ते मला मान्य आहे. माझी तक्रार पुढची आहे. आणीबाणी संपली, पण तिच्यातल्या सवयी राहिल्या. आजही 'ऑनलाइन तास घेतला' याचा आपल्याकडे अर्थ होतो 'लिंक पाठवली आणि बोललो'.

ही सवय २०२० मध्ये लागलेली नाही, ती बरीच जुनी आहे. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं. तुमच्यापैकी काहींना ते आठवत असेल. त्यासाठी देशात माध्यम केंद्रं उभी राहिली, पुणे विद्यापीठातही राहिलं. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केलं. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला. ९ जुलै २०१७ ला 'स्वयम्' आलं. या प्रत्येक प्रयत्नामागे चांगली माणसं होती, प्रामाणिक हेतू होता, आणि यांतून अनेकांना फायदा झाला हे मी नाकारत नाही. मीही एनपीटीईएलची व्याख्यानं ऐकूनच अर्थमितीतल्या माझ्या काही फटी बुजवल्या.

पण यांतल्या बहुतेकांच्या पायाशी एक गृहीतक आहे, ते तपासलं पाहिजे. चांगला शिक्षक एका ठिकाणी आहे, विद्यार्थी लांब आहेत, तेव्हा चांगल्या शिक्षकाचं बोलणं लांबवर पोचवलं की काम झालं. म्हणजे अडचण आहे ती पोचवण्याची. दूरचित्रवाणी, उपग्रह, इंटरनेट, वाहन बदलत गेलं आणि आत भरलेला माल बहुतांशी तोच राहिला, व्याख्यान.

वाहनाची ही उपमा माझी नाही. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या अमेरिकन संशोधकाने माध्यमं आणि शिकणं यांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला की माध्यमामुळे शिकण्यात फरक पडत नाही. किराणा ज्या गाडीतून येतो त्या गाडीमुळे घरातल्यांचं पोषण बदलत नाही, तसंच हे. फरक दिसतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे. यावर रॉबर्ट कोझ्मा यांनी आक्षेप घेतला. प्रत्येक माध्यमाची काही खास क्षमता असते, आलेख हलताना दाखवणं छापील पानाला जमत नाही, तेव्हा माध्यम आणि पद्धत इतकी वेगळी काढता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला.

माझं मत सांगतो. मुलं किती शिकतात या प्रश्नापुरतं मला क्लार्क यांचं म्हणणं जास्त पटतं. पण आपल्या वर्गात त्याआधी आणखी एक प्रश्न उभा राहतो: शिकायला कोण पोचतं? तिथे गाडी फार महत्त्वाची ठरते. गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येत असेल तर वस्तीवरच्या घराला किराणा मिळतच नाही, मग तो कितीही सकस असो. म्हणून साधनाची निवड आपल्याकडे आधी न्यायाचा प्रश्न आहे, मग गुणवत्तेचा.

थोडं आकड्यांत बघू. दर सेकंदाला १ मेगाबिट वेगाचा साधा व्हिडिओ तासाला ४५० मेगाबाइट डेटा खातो. ६४ किलोबिटचा आवाज तासाला साधारण २९ मेगाबाइट. म्हणजे दहा मिनिटांचं बोलणं पाच मेगाबाइटमध्ये मावतं. दोन पानांचा मजकूर तर यात मोजायचाही नाही. हा गुणाकार-भागाकार शाळकरी मुलालाही येईल. मग एका आलेखासाठी आपण आपला चेहरा तासभर का दाखवतो? चेहऱ्याने काहीच होत नाही असं नाही. आठवड्यातून पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकमेकांना बघणं चांगलं असतं. पण ती गरज ओळखून दाखवलेला चेहरा वेगळा आणि सवयीने दाखवलेला वेगळा.

आता शिकण्याच्या प्रश्नाकडे येऊ. नुसतं व्याख्यान पोचवून काय होतं, याचा मोठा प्रयोग जगाने २०१२ नंतर करून बघितला. उडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स त्याच वर्षी पुढे आले, आणि न्यूयॉर्क टाइम्सने त्या वर्षाला 'मूकचं वर्ष' म्हटलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटीबरोबर तीन विषय ऑनलाइन घेतले, त्यात कच्च्या मुलांसाठीचं गणितही होतं. पहिल्या सत्राचे निकाल वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा इतके खाली आले की जुलै २०१३ मध्ये प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले, पण त्या वेळी बसलेल्यांमध्ये आधीच पदवी असलेले बरेच जण होते. यातला धडा स्पष्ट आहे. ज्याला शिकण्याची सवय आहे तो कुठूनही शिकतो. ज्याला आधाराची गरज आहे, त्याच्या हातात व्हिडिओची लिंक देऊन भागत नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एडएक्सवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांचा आढावा आला. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे ३.१३ टक्के. बरेच जण नुसतं बघायला येतात हे धरलं, तरी हा आकडा विसरून चालणार नाही.

याउलट वर्गात काय केल्याने फरक पडतो, याबद्दल बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. २०१४ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के. जिथे मुलांना तासातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावलं तिथे २१.८ टक्के. दुसरी गोष्ट आठवण्याच्या सरावाची. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर पारडं फिरतं. तेव्हा ज्यांनी पुन्हा न वाचता आठवून लिहिलं होतं, ते पुढे जातात. आणि तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात अडचणीची. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत असं दिसलं की सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं, आणि प्रत्यक्ष चाचणीत जास्त शिकलेली निघाली ती स्वतः प्रश्न सोडवलेली मुलं. म्हणजे 'छान झालं लेक्चर, सर' या शाबासकीवर आपण विसंबू नये. चॅटमधल्या 'येस सर' वर तर मुळीच नाही.

म्हणून निवडीचा क्रम उलटा हवा. विद्यार्थ्याने काय करायचं आहे हे आधी ठरवा. त्यासाठी साधनात कोणता गुण लागेल तो लिहा. मग साधन शोधा.

हे हवेत बोलणं वाटू नये म्हणून माझ्या विषयातला एक धडा घेतो. मागणीची लवचिकता. पूर्वी मी व्याख्या, सूत्र, पाच प्रकार, आलेख असं शिकवायचो. मुलं लिहून घ्यायची आणि परीक्षेत तसंच उतरवायची. हार्वर्डचे एरिक मझूर नव्वदीच्या सुरुवातीपासून एक साधी पद्धत वापरत आले आहेत. एक नेमका प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. मी प्रश्न टाकला: कांद्याचं पीक या वर्षी भरघोस आलं. सगळ्या शेतकऱ्यांचं मिळून एकूण उत्पन्न वाढेल, घटेल की तेवढंच राहील?

पुस्तकातलं सूत्र पाठ असलेली कितीतरी मुलं 'वाढेल' म्हणतात. माल जास्त, तर पैसा जास्त. मग चर्चेत कांदा पिकवणाऱ्या घरातला एखादा मुलगा म्हणतो, 'अरे, भरघोस पिकलं त्याच वर्षी आम्ही कांदा उकिरड्यावर टाकला.' तिथे धडा सुरू होतो. लोक भाव पडला म्हणून दुप्पट कांदा खात नाहीत. मागणी अलवचिक आहे, म्हणून पुरवठा थोडा वाढला तरी भाव त्याहून जास्त कोसळतो आणि उत्पन्न घटतं. मग मी सूत्र लिहितो. आता ते सूत्र त्यांच्या घरच्या हिशेबाला लागतं.

हे ऑनलाइन कसं करणार? पहिला विचार येतो व्हॉट्सॲपचा, कारण ते सगळ्यांकडे असतं. पोल टाकला की झालं. पण व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. पहिल्या दोन हुशार मुलींनी 'वाढेल' वर बोट ठेवलं की मागून रांग लागते. मग एकट्याने विचार करण्याची पायरीच बुडाली. तेव्हा पहिल्या मतासाठी मला हवा असलेला गुण आहे, इतरांचं उत्तर लपलेलं असणं. साधा गूगल फॉर्म ते करतो. मूडलमध्येही निकाल लपवून ठेवता येतो. चर्चेसाठी मात्र पाच-सहा जणांचे व्हॉट्सॲप गट उत्तम, कारण तिथे मुलं मराठीत, बोलून, आवाजाचे मेसेज टाकून भांडतात. आणि चर्चेला रात्री दहापर्यंत मुदत द्यायची, म्हणजे नऊला फोन मिळणारा मुलगा आत येतो. दुसरं मत पुन्हा फॉर्मवर. शेवटी माझं दहा मिनिटांचं बोलणं, आवाजात, सोबत आलेखाचं एक चित्र. या सगळ्यात एकही महागडं साधन नाही. तरी प्रत्येक साधन का घेतलं आणि दुसरं का घेतलं नाही, याचं कारण मी सांगू शकतो. माझी कसोटी हीच आहे. कारण सांगता आलं तर ती निवड, नाहीतर ती नुसती सवय.

आता आपल्याच घरातली दोन चांगली उदाहरणं, कारण समीक्षा म्हणजे केवळ दोष काढणं नव्हे. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज. पडद्यावर सॉफ्टवेअर, त्यावर बोलणं, आणि अपेक्षा अशी की शिकणाऱ्याने एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून सोबत करत जावं. साधन साधं आहे, पण मुलाने करायचं काय हे पक्कं ठरलेलं आहे. दुसरं उदाहरणही तिथलंच. त्यांच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातल्या लोकांनी विद्यार्थिकेंद्री मूकचा एक आराखडा मांडला. त्यात व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, शिकणाऱ्याने वहीत उत्तर लिहायचं आणि मग पुढे जायचं. व्हिडिओच्या फाइलमध्ये यासाठी वेगळं काही लागत नाही. लागते ती बोलता बोलता गप्प बसायची शिक्षकाची तयारी. आपल्याला तेच अवघड जातं.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा' हे वाक्य प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. त्याचा उगम एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधल्या अभ्यासात आहे. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलं सरासरी सहा मिनिटांपलीकडे फारशी टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. हा आकडा पाहण्याचा आहे, शिकण्याचा नाही. आपण काय केलं? पन्नास मिनिटांच्या लेक्चरचे आठ तुकडे केले आणि त्याला नवी पद्धत म्हटलं. भाकरीचे आठ तुकडे केले म्हणून तिचं जेवण झालं नाही, सोबत कालवण लागतंच. तुकड्यांच्या मध्ये मुलाने काही करायचं असेल तर तुकड्याला अर्थ आहे.

आता 'स्वयम्' कडे येतो, कारण त्याचा परिणाम तुमच्या-माझ्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर होतो. कागदावर 'स्वयम्' ची रचना चांगली आहे. चार भाग: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकाचर्चेचं व्यासपीठ. मी स्वतः नोंदणी केलेल्या आणि माझ्या मुलांनी केलेल्या अभ्यासक्रमांत पहिला भाग भरगच्च होता, दुसरा बरा, तिसरा बहुपर्यायी प्रश्नांपुरता, आणि चौथ्यात मुख्यतः 'प्रमाणपत्र कधी मिळेल' ही शंका. म्हणजे फिरून पुन्हा व्याख्यानच. २०१६ च्या नियमांनी एका सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' वरून घेता येत होते. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्के केली. मर्यादा दुप्पट झाली, तसा चौथा भागही दुप्पट सशक्त व्हायला हवा होता. तो सशक्त करणार कोण? माझ्या मते कॉलेजमधला शिक्षक. दहा मुलांनी 'स्वयम्' चा एकच अभ्यासक्रम घेतला असेल तर त्यांना आठवड्यातून एक तास एका वर्गात बसवा, एक शिक्षक सोबत द्या, इंग्रजीतलं मराठीत बोलू द्या. आणि हा तास त्या शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरा. हे शेवटचं केलं नाही तर आधीचं सगळं भाषणापुरतं राहील.

इथेच पाणी मुरतं. आपली व्यवस्था साधनं मोजते. नॅकच्या स्वयंमूल्यांकन अहवालात शिक्षक आयसीटी साधनं वापरतात का, हे विचारलेलं असतं. प्रश्न रास्त आहे. पण कॉलेजात तो उतरतो तेव्हा 'किती जणांनी वापरली' एवढाच उरतो. मग प्रत्येक जण एक गूगल क्लासरूम उघडतो, त्यात चार पीडीएफ टाकतो आणि फाइल पूर्ण होते. मी असे पुरावे स्वतः जोडले आहेत. कोणत्या साधनाने कोणत्या मुलाची कोणती अडचण सुटली, हे लिहायला त्या फाइलमध्ये आपण जागाच ठेवत नाही. ती जागा आपली आपण ठेवली तर कोणी अडवणार नाही.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात, कारण निवड करताना त्या हमखास विसरतात.

पहिली, शिक्षकाचा वेळ. १२० मुलांचं सबमिशन, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे सहाशे मिनिटं, दहा तास. दर आठवड्याला हे कोणाच्यानेही होणार नाही. मग आपण दोनच टोकं गाठतो: बहुपर्यायी चाचणी, जी यंत्र तपासतं, नाहीतर न वाचता टिक. मधला रस्ता आहे. पंधरा उत्तरं नीट वाचा, त्यांतल्या तीन समान चुका निवडा, आणि सगळ्या वर्गाला एक पानाचं पत्र लिहा. दर वेळी पंधरा मुलं वेगळी. आठ आठवड्यांत प्रत्येकाचं एक उत्तर तुम्ही वाचलेलं असतं. हे पत्र व्हॉट्सॲपवर जातं, मुलं ते जपून ठेवतात.

दुसरी, चॅटजीपीटी. नोव्हेंबर २०२२ नंतर घरी लिहून आणायच्या निबंधावरचा आपला विश्वास उडाला आहे. त्यावर पकडापकडीचं सॉफ्टवेअर विकत घेण्याकडे कॉलेजांचा ओढा आहे. ते चुकीचा आरोप करू शकतं, आणि तो आरोप सोसणारा बहुधा इंग्रजीत बिचकणारा मुलगा असतो, ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. मी सोपं करतो. निबंध आणा, आणि त्यावर माझ्याशी तीन मिनिटं बोला. कांद्याचंच उदाहरण का घेतलंस? डाळिंबाला हे लागू होईल का? ज्याने विचार केला आहे तो अडखळत का होईना, पण बोलतो. तोंडी परीक्षा आपल्याकडे नवी नाही, आपण ती प्रॅक्टिकलच्या विषयांपुरती ठेवली होती.

तिसरी, मालकी. फुकट मिळणारं साधन कोणाच्या तरी धोरणावर चालतं. गूगलने शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवण दिली होती. २०२१ मध्ये त्यांनी ती बंद करण्याची घोषणा केली आणि २०२२ पासून प्रत्येक संस्थेला एकत्रित १०० टेराबाइटची मर्यादा आली. ज्या विद्यापीठांनी सगळं तिथेच ठेवलं होतं त्यांना आवराआवर करावी लागली. कंपनीने गुन्हा केला असं नाही, तिचा तो व्यवसाय आहे. आपण मात्र आपल्या प्रश्नपेढ्या, आपली टिपणं, मुलांची उत्तरं यांची एक प्रत स्वतःकडे, साध्या फाइलमध्ये ठेवावी. मूडलसारखं मुक्त सॉफ्टवेअर २००२ पासून आहे. ते चालवायला सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतो. एका छोट्या कॉलेजला हे जड जाईल, पण विद्यापीठाने आपल्या सगळ्या कॉलेजांसाठी एकत्र चालवलं तर जड नाही.

तर निवड करताना मी स्वतःला विचारतो ते प्रश्न, त्यांच्या क्रमाने. मुलाने या आठवड्यात नेमकं काय करायचं आहे? ते करण्यासाठी साधनात कोणता गुण हवा? माझ्या वर्गातल्या सगळ्यात कमी सोय असलेल्या मुलाला ते कधी आणि कशावर मिळेल? त्याने केलेलं मी बघणार कसं, आणि त्याला उत्तर कधी देणार? आणि हे साधन उद्या बंद झालं तर माझ्या हातात काय उरेल? साधनाचं नाव या पाच प्रश्नांनंतर येतं. बहुतेक वेळा ते नाव साधंच निघतं.

वेळ संपत आली आहे. एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो. 'सर, सगळ्यात कमी सोय असलेल्या मुलाला धरून शिकवलं तर हुशार मुलांचं नुकसान होत नाही का?'

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. साधन कमी सोयीच्या मुलाला धरून निवडायचं, प्रश्न मात्र सोपा करायचा नाही. कांद्याचा प्रश्न सोपा नाही. तो दोन ओळींत मावतो, कुठल्याही फोनवर दिसतो, आणि एमएच्या मुलालाही विचार करायला लावतो. फोन साधा म्हणून डोकंही साधं असेल, असं आपण नकळत धरतो. ज्या मुलाबद्दल मी सुरुवातीला बोललो, त्याला पुढच्या सत्रात रात्री दहाच्या गटात घातलं. उकिरड्यावरच्या कांद्याचं वाक्य त्याचंच आहे. त्या वर्षी माझ्या वर्गाला लवचिकता मी कमी आणि त्याने जास्त शिकवली. त्याच्या आधीचं सत्र मात्र वाया गेलं, ते गेलंच. ते परत देता येत नाही.